मान, वारं आणि साडेचार तास

मराठीत 'मान' हा शब्द दोन लिंगांत चालतो. तो मान मिळतो आणि ती मान दुखते. पहिला शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला, तर दुसरा 'मन्या' या शब्दापासून घडला. मन्या म्हणजे मानेचा मागचा भाग, आणि आयुर्वेदातल्या 'मन्यास्तंभा'त ती आजही तशीच उभी आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला व्युत्पत्ती शिकवताना आम्ही हे उदाहरण वीस वर्षे देत आलो. पाठोपाठ वाक्प्रचार येत: मान तुकवणे, मान टाकणे, मान वर करून न बघणे, मान मोडून काम करणे. मुले हसत, लिहून घेत आणि परीक्षेत विसरत. ऑगस्ट २०२२ मध्ये यांतला शेवटचा वाक्प्रचार आमच्या बाबतीत शब्दशः घडला. निदान तसे घडले असावे असे मानायला जागा आहे. या 'असावे'विषयीच हा लेख आहे.

त्या रविवारी आम्ही नेहमीच्या सलूनमध्ये केस कापून घेतले. कोल्हापुरात आल्यापासून आमचे केस तेच गृहस्थ कापतात. वयाने ते आमच्याहून पाचसात वर्षांनी मोठे असूनही आम्हांला 'सर' म्हणतात, आणि आम्ही त्यांना 'मामा' म्हणतो. केस झाले, तुरटी फिरली, चंपी झाली. मग नेहमीप्रमाणे हनुवटी आणि डोके दोन हातांत धरून मामांनी मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मोडली. कडकन आवाज आला आणि बरे वाटले. ही सेवा फुकट असते. ती आपुलकीची खूण आहे.

सोमवारी मानेची डावी बाजू दुखू लागली. मंगळवारी ती कळ कानामागून कपाळापर्यंत चढली. बुधवारी वर्गातल्या एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, "सर, तुमचा डावा डोळा असा मिटल्यासारखा का दिसतोय?" जागरण झाले आहे, असे उत्तर आम्ही दिले. रात्री उशीवर कान टेकला की आत कुणीतरी लयीत फुंकर घालत असल्यासारखा आवाज येई. आम्ही बाम चोळला. चार दिवस शरीर स्वच्छ अक्षरांत लिहीत होते. वाचनावर पोट भरणाऱ्या माणसाला त्यातले एक अक्षर लागले नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही उत्तरपत्रिका तपासत होतो. हातातले लाल पेन गळून पडले. उचलायला गेलो तर उजवा हात टेबलावर पडून राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. पत्नीला हाक मारायची होती. तोंडातून काही निघाले. पण ते तिचे नाव नव्हते, कुठलाच शब्द नव्हता. ती बाहेर आली तेव्हा तिच्या शिकवणीची मुले नुकतीच पायऱ्या उतरत होती, म्हणून घड्याळाकडे तिचे लक्ष गेले. दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. त्या दिवशी घरातल्या कुणी केलेल्या कामांत सर्वांत मोलाचे काम हेच ठरले. पुढे रुग्णालयात पहिला प्रश्न रोगाचा नव्हता. "शेवटचे नीट कधी बोलले?" हा होता.

शेजारच्या आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सरांच्या अंगावरनं वारं गेलं गं बाई." आम्हांला ते वाक्य पूर्ण कळले. बोलणे गेले होते, तरी ऐकलेले बरेचसे समजत होते. इंग्रजीने या आजाराला 'स्ट्रोक' म्हटले, म्हणजे तडाखा. ग्रीकांच्या शब्दाचाही अर्थ कोसळवणारा घाव असाच होता. संस्कृताने 'पक्षाघात' म्हटले. त्यातही आघात आहेच. बोली मराठीने मात्र त्याला वारा म्हटले. मारणारा कुणी नाही. काहीतरी अंगावरून निघून गेले आणि जाताना अर्धे अंग घेऊन गेले. आमच्यापुरते बोलायचे तर आजींचा शब्द अधिक खरा होता. तडाखा बसल्याचे आम्हांला मुळीच जाणवले नाही.

रुग्णालयात पोहोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, म्हणजे कुठेतरी गुठळी अडकली होती. मग मानेतल्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून चित्रे काढली. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या रोहिण्या मानेतून वर चढतात: पुढच्या बाजूला दोन आणि मणक्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या दोन. पुढच्या दोहोंना 'कॅरोटिड' म्हणतात. हे नाव गाढ गुंगी अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. त्या दाबल्या की माणूस गुंगीत जातो, अशी प्राचीनांची समजूत होती. आमची डावी कॅरोटिड कवटीच्या थोडी खाली मेणबत्तीच्या ज्योतीसारखी निमुळती होत गेली होती. मज्जाविकारतज्ज्ञ डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पत्नीला तिथेच उभ्याउभ्या समजावले, आणि पत्नीने ते आपल्या भाषेत असे समजून घेतले: भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा रोहिणीच्या आतला पापुद्रा सुटला होता.

ही उपमा अगदी चपखल आहे. रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आतल्या अस्तराला चीर पडली की वाहते रक्त त्या चिरेतून दोन थरांच्या मध्ये शिरते आणि तिथे साकळते. भिंत आत फुगते, वाट अरुंद होते. चिरलेल्या जागी रक्ताच्या बारीक गुठळ्या धरतात आणि त्यांतली एखादी सुटून प्रवाहाबरोबर मेंदूत जाते. डावीकडच्या रोहिणीला चिकटून वर जाणारे, डोळ्याकडचे बारीक मज्जातंतू या फुगवट्याने दाबले की त्याच बाजूची पापणी उतरते. विद्यार्थिनीने पाहिले ते हेच. उशीवर ऐकू येणारी फुंकर म्हणजे अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताचा आवाज. गुठळीमुळे होणाऱ्या सगळ्या पक्षाघातांत मानेतल्या चिरेचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे. मात्र पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत ते एक प्रमुख कारण आहे. आम्ही तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होतो. रक्तदाब नव्हता, मधुमेह नव्हता, तंबाखू नव्हती.

आता खरा पेच सुरू झाला. गुठळी विरघळवणारे औषध आहे. ते आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रूप आहे. १९८०च्या सुमारास बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठात देसिरे कोलेन यांच्या गटाने ते त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींपासून शुद्ध स्वरूपात मिळवले. पुढे जनुकतंत्राने ते बनू लागले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यासाठी मंजूर झाले. मेंदूसाठी त्याला आणखी काही वर्षे थांबावे लागले, कारण मेंदूत रक्तस्राव झाला तर उपायच जिवावर बेततो. डिसेंबर १९९५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६२४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. पहिल्या तीन तासांत औषध मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण किमान तीस टक्क्यांनी अधिक होते. मात्र मेंदूत त्रासदायक रक्तस्राव औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के झाला आणि न घेतलेल्यांत ०.६ टक्के. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. त्यामुळे आमचा काटा दहा वीसला सुरू झाला होता आणि दोन पन्नासला थांबणार होता.

पण आमच्या शरीरात गुठळ्या दोन होत्या. एक मेंदूत अडकलेली. ती विरघळायलाच हवी. दुसरी मानेतल्या भिंतीत साकळलेली. औषधाला दोन्ही सारख्याच. त्याने मेंदूतली वाट मोकळी करता करता भिंतीतला साका पातळ केला, चिरेतून आणखी रक्त आत घुसले, भिंत अधिक फुगली आणि उरलीसुरली वाटही बंद झाली, तर? किंवा भिंत बाहेरच्या बाजूने फुटली, तर? अनेक वर्षे याच भीतीपोटी कित्येक डॉक्टर अशा रुग्णांना हे औषध द्यायला कचरत.

ही भीती निराधार नाही, याचे एक उदाहरण क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूज या ऑस्ट्रेलियन फलंदाजाला उसळता चेंडू मानेवर, शिरस्त्राणाच्या खालच्या उघड्या जागी लागला. मणक्यालगतची रोहिणी फाटली आणि मेंदूभोवती रक्त पसरले. दोन दिवसांनी तो गेला; सव्विसाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते. त्याच्या धावा 'नाबाद ६३' अशा नोंदल्या गेल्या. तिथे चीर बाहेरच्या बाजूने उघडली होती आणि असे औषध विष ठरले असते. उलट २०१३ मध्ये ब्रिटिश पत्रकार अँड्र्यू मार यांची मानेतली रोहिणी घरच्या व्यायामयंत्रावर वल्ही मारताना चिरली, पक्षाघात झाला, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा दूरचित्रवाणीवर मुलाखती घेऊ लागले. अवयव तोच, चीरही तशीच. ती कोणत्या दिशेने उघडते त्यावर पुढचे सगळे ठरते. कवटीच्या आत शिरल्यावर रोहिणीची भिंत पातळ होते, बाहेरचा आधार कमी होतो, म्हणून तिथली चीर अधिक धोक्याची. आमची चीर कवटीच्या खाली होती.

डॉक्टरांनी हे सारे चार-पाच मिनिटांत सांगितले. शेवटी त्या म्हणाल्या, "मॅडम, लिटरेचर असं सांगतं की कवटीबाहेरच्या चिरेत हे औषध द्यायला हरकत नाही. पण फक्त अशाच रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी झालेली नाही."

लिटरेचर! पलंगावर अर्धे अंग निपचित, तोंडात शब्द नाही, आणि कानावर आपल्याच विषयाचे नाव पडले. पुढे बरे वाटल्यावर ते साहित्य आम्ही मिळवून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. २०११ मध्ये विखुरलेल्या अहवालांतले १८० रुग्ण एकत्र करून केलेला एक अभ्यास आहे. त्यात त्रासदायक रक्तस्राव ३.१ टक्के आढळला, म्हणजे इतर पक्षाघातांत या औषधाने जितका होतो त्याहून जास्त नाही. मानेतल्या चिरेच्या ६१६ रुग्णांची युरोपीय नोंद आहे. त्यांतल्या ६८ जणांना औषध मिळाले होते. सुरुवातीच्या आजाराची तीव्रता जमेस धरल्यावर दोन्ही गटांच्या परिणामांत ठळक फरक दिसला नाही: अपाय दिसला नाही, आणि फायदाही सिद्ध झाला नाही. अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी २०१८ मध्ये जे वाक्य लिहिले त्याचा आशय असा: कवटीबाहेरच्या चिरेत साडेचार तासांच्या आत हे औषध बऱ्यापैकी सुरक्षित आहे आणि बहुधा द्यावे. 'बऱ्यापैकी' आणि 'बहुधा'! आमच्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे लिहिले असते तर आम्ही त्या शब्दांखाली लाल रेघ ओढली असती. आता वाटते की त्या दोन क्रियाविशेषणांत जितका प्रामाणिकपणा आहे तितका आमच्या अनेक समीक्षालेखांच्या निष्कर्षांत नाही. समीक्षक संहितेचा अर्थ ठासून सांगतो, कारण अर्थ चुकला तरी कुणाचा हात कायमचा लुळा पडत नाही. तिथे मात्र अपुऱ्या संहितेवरून, दोन पन्नासच्या आत, एका वाचनावर सही करायची होती.

सही पत्नीने करायची होती. तिने पुण्याला आपल्या भावाला फोन लावला. "ताई, घाई नको. काही द्यायला लावू नकोस. त्यांना इकडे पुण्यालाच हलव," असे तो म्हणाला. यात त्याची काळजी होती, तशी शहाण्या माणसाची रीतही होती: मोठा निर्णय, मोठे शहर. पण कोल्हापूर ते पुणे हा रस्ता चार-साडेचार तासांचा. ती मुदत रस्त्यावरच संपली असती. पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एका संशोधकाने २००६ मध्ये मांडलेला हिशेब आहे. सातारा येईपर्यंत किती शब्द गेले असते, याचा हिशेब आम्ही नंतर कधी केला नाही.

तिने फोन ठेवला आणि डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली: "नाही दिलं तर ते बोलतील का?" डॉक्टर म्हणाल्या, "थोडं सुधारेल. किती, ते सांगता येत नाही." मग तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान डोलावली. मान हलवू नका, असे परिचारिका दोनदा बजावून गेली होती. पण होकार द्यायला शरीराचा दुसरा कुठलाच भाग तेव्हा भरवशाचा नव्हता. त्या होकाराला कायद्याने किती अर्थ होता, आणि बोलणे गेलेल्या माणसाला ते सगळे कितपत कळले होते, हा प्रश्न रास्त आहे. पत्नी म्हणते, तुम्ही मान हलवली नसतीत तरी मी सही केली असती. या वाक्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. निर्णय चुकला असता तर तिने तो आमच्या मानेवर टाकला नसता.

मग सगळे हिशेब झाले. रक्तदाब १८५ च्या खाली आहे ना, साखर पाहिली ना. वजन अडुसष्ट किलो, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ६१ मिलिग्रॅम. त्याचा दहावा हिस्सा एका मिनिटात शिरेतून, उरलेला तासाभरात थेंबाथेंबाने. १२ वाजून १० मिनिटांनी सुई लागली. आता एका दमात देता येणारे टेनेक्टेप्लेज आले आहे. २०२५ मध्ये अमेरिकेनेही ते पक्षाघातासाठी मंजूर केले. आमच्या वाट्याला तो एक तास आला. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी येऊन म्हणे, हात उचला, दात दाखवा, हे काय आहे सांगा. परिचारिका पेन, चावी, घड्याळ दाखवी. चौथ्या वेळी तिने पेन दाखवले आणि आम्ही म्हणालो, "लेखणी."

ती गोंधळली, तिच्या कागदावर उत्तर 'पेन' होते. पत्नी रडू लागली. पुढचे काही महिने आमच्या तोंडी असेच शब्द आधी येत: चमच्याऐवजी पळी, बसऐवजी मोटार, चष्म्याला मुळी काहीच नाही. जुने शब्द खोलवर रुजलेले असावेत आणि नव्यांची वाट आधी बुजली असावी, असा आमचा एक भाबडा तर्क आहे. मेंदूच्या शास्त्राने त्याला पाठिंबा द्यावा असा आग्रह नाही. हाताची पकड आठवड्यात परत आली. शब्द यायला सहा महिने लागले, आणि नामे सर्वांत शेवटी आली. क्रियापदे होती, विभक्तीचे प्रत्यय होते, 'तर', 'म्हणून', 'परंतु' होते; ज्यांना ते जोडायचे ती नामेच नव्हती. व्याकरण शिकवणाऱ्याला व्याकरण उरले आणि जग गेले.

औषधानेच बरे झालो का? डॉक्टरांना हे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "एका रुग्णावरून सांगता येत नाही, सर. काही जणांची गुठळी आपोआपही सुटते." पुढे पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. त्यातही साधी अ‍ॅस्पिरिनच्या जातीची गोळी चांगली की रक्त पातळ करणारे कडक औषध, हा वाद आहे. २०१५ मध्ये २५० रुग्णांवर झालेल्या ब्रिटन-ऑस्ट्रेलियातील चाचणीत तीन महिन्यांत दोन्ही गट मिळून फक्त चौघांना पुन्हा पक्षाघात झाला, त्यामुळे कोणते सरस ते ठरेना. आम्हांला त्यातली चारची संख्या धीर देऊन गेली. सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढले. ज्योत नाहीशी होऊन तिथे सरळ वाट दिसत होती. पापुद्रा पुन्हा चिकटला होता.

राहता राहिला मामांचा प्रश्न. मान मोडल्याने चीर पडली का? डॉक्टरांचे उत्तर होते, "शक्य आहे." पार्लरमध्ये केस धुताना मान मागे ताणल्यावर पक्षाघात झालेल्या पाच स्त्रियांची नोंद एका अमेरिकन डॉक्टरने १९९३ मध्येच केली होती. मान झटक्याने वळवण्याशी या चिरेचा संबंध दाखवणारे अभ्यासही आहेत. पण मान आधीच चिरली असेल, म्हणून ती दुखत असेल आणि म्हणूनच माणूस ती मोडून घ्यायला गेला असेल, असेही होते. जोराच्या खोकल्याने, जड ओझ्याने, कधी काहीच निमित्त नसताना रोहिणी चिरते. काहींची भिंत जन्मतः कच्ची असते. शनिवारी आम्ही माळ्यावरून पुस्तकांची दोन खोकी मान वाकडी करून काढली होती. त्या खोक्यांवर कुणी संशय घेतला नाही.

घरी मात्र निकाल लागलेला होता. मेहुण्याने तर "त्याच्यावर केस करा" इथवर मजल मारली. आम्ही सात महिने त्या रस्त्याने गेलो नाही. दुसरीकडे केस कापले, आणि तिथल्या पोराचे हात हनुवटीकडे येताना दिसताच खुर्चीतून उठून उभे राहिलो. गोष्टीला खलनायक लागतोच, हे विद्यार्थ्यांना कथानकाच्या तासाला सांगायला सोपे असते. कारण आणि क्रम यांत फरक असतो, एकानंतर दुसरे घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही, हेही आम्हीच शिकवतो. स्वतःच्या मानेवर आल्यावर ते आठवायला सात महिने लागले.

मार्च २०२३ मध्ये आम्ही सलूनमध्ये गेलो. मामांनी आरशातून पाहिले, कैची ठेवली आणि म्हणाले, "सर, किती दिवसांनी! बरं नव्हतं का?" आम्ही खुर्चीत बसलो आणि सगळे सांगितले: दुखणे, पापणी, गळालेले पेन, औषध. बोलता बोलता दोन ठिकाणी नाम अडले, मामा थांबले. रविवारचा उल्लेख आम्ही केला, पण 'तुमच्यामुळे' म्हणालो नाही, कारण ते आम्हांला ठाऊक नाही. 'तुमच्यामुळे नाही' असेही म्हणालो नाही, कारण तेही ठाऊक नाही. एवढेच म्हणालो, "मामा, यापुढे मान मोडू नका. माझी नाही, कुणाचीच नाही. मान दुखून पापणी उतरलेली दिसली, तर गिऱ्हाइकाला थेट दवाखान्यात धाडा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग केस कापले, तुरटी फिरवली. सवयीने दोन्ही हात डोक्याकडे आले आणि मध्येच थांबले. त्यांनी ते पुसायच्या फडक्याला पुसले. पैसे घेतले नाहीत. आम्ही आग्रह केला तेव्हा घेतले.

आता तिथल्या भिंतीवर, आरशाशेजारी, एक पाटी आहे: 'येथे मान मोडली जात नाही.' अक्षर मामांच्या नातवाचे आहे. कर्मणी प्रयोग बरोबर आहे. मान स्त्रीलिंगी आहे, हेही त्याने नीट सांभाळले आहे.